कॅनल स्ट्रीटवर दोन्हीकडून गाड्या

प्रणिता रामटेकेने ट्रॉयमधली बसलेली घडी मोडून ब्रॅडवेलच्या महापालिकेत नोकरी धरली, तेव्हा ओळखीच्या झाडून सगळ्या मराठी माणसांनी तिला वेड्यात काढलं. ट्रॉय म्हणजे डेट्रॉइटचं उपनगर. मोटारींच्या कंपन्या, आयटीची ऑफिसं, शनिवार-रविवारी कुणा ना कुणाच्या घरी जेवण. तिथल्या एका खासगी फर्ममध्ये ती ट्रॅफिक इंजिनियर होती. मॉलच्या पार्किंगमधून गाड्या भराभर बाहेर कशा काढायच्या, याची गणितं मांडायची. काम बरं होतं, माणसं बरी होती, आणि तिला त्या कामाचा मनापासून कंटाळा आला होता.

“ब्रॅडवेलचे लोक नोकरीसाठी इकडे येतात यार,” हर्षिता म्हणाली. नागपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजपासूनची ही मैत्रीण. “तू उलटी कुठे निघालीस? मेलेलं डाऊनटाऊन आहे ते. मी एकदा तिथे कॉफी शोधत फिरले होते. शेवटी हायवेवर येऊन प्यायले.”

“पण इमारती बघितल्यास का तू? गाडीतून उतरून बघितल्यास?”

“कॉफी मिळाली असती तर उतरले असते ना!”

प्रणिता उतरली होती. मुलाखतीच्या दिवशी ती मुद्दाम लवकर गेली आणि कॅनल स्ट्रीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी हिंडली. लाल विटांच्या चार-चार मजली इमारती, कमानींच्या खिडक्या, वर दगडात कोरलेली द्राक्षं, रस्त्याच्या टोकाला नदी. कधीकाळी या गावात शेगड्या बनवायचे मोठे कारखाने होते, त्या पैशातून हे सगळं उभं राहिलं होतं. कारखाने गेले, मग मोठी दुकानं शहराबाहेरच्या मॉलमध्ये गेली, उरलीसुरली ऑफिसं करोनात घरी गेली ती परत आलीच नाहीत. काचांवर आतून तपकिरी कागद चिकटवलेले. आणि या सगळ्याच्या मधोमध चार पदरी एकेरी रस्ता. सगळे सिग्नल एकाच लयीत हिरवे होत. गाड्या शहराच्या एका टोकाने सुसाट शिरायच्या आणि चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत दुसऱ्या टोकाने बाहेर पडायच्या. मध्ये काय आहे हे बघायला कुणाला वेळच नव्हता.

प्रणिता फूटपाथवर थबकली. एखाद्या अवघड गणितातली चूक अचानक दिसावी तसं तिला झालं. ‘अरे, हा तर रस्ताच चुकलाय!’ ती जवळजवळ मोठ्याने म्हणाली.

मुलाखत घेणारी ग्लोरिया टेट ही पब्लिक वर्क्स खात्याची प्रमुख. साठीकडे झुकलेली, उंच, कृष्णवर्णीय बाई, गावातच जन्मलेली. तिने प्रणिताचे कागद बाजूला सारले आणि विचारलं, “आमच्या डाऊनटाऊनमध्ये तुला काय दिसलं?”

“घाई दिसली,” प्रणिता म्हणाली. “रस्ता लोकांना इथून पळवून लावतोय. तो दुहेरी करायला हवा. पार्किंग रस्त्याच्या कडेला, मध्ये पिवळी रेघ, गाड्या निम्म्या वेगाने. लोकांना निदान पाट्या तरी वाचता येतील.”

ग्लोरिया खुर्चीत मागे रेलली. “हा रस्ता एकेरी कधी झाला माहीत आहे? मी पाळण्यात होते. कारखान्यातल्या साहेबांना संध्याकाळी घरी लवकर पोचायचं होतं. त्यांच्यासाठी टोकाला मोठं वळण बांधलं. त्या वळणाखाली माझ्या आजीची गल्ली गेली. घरं, चर्च, न्हाव्याचं दुकान, सगळं.”

रस्ता रुंद व्हायचा ठरला की कुणाची वस्ती उठते, हे नागपूरच्या इंदोऱ्यात वाढलेल्या मुलीला कुणी शिकवायला नको होतं. प्रणिताने फक्त मान हलवली. ती मान हलवणं ग्लोरियाला पोचलं असावं. नोकरी मिळाली.

प्रणिताने कॅनल स्ट्रीटवरच घर घेतलं, बंद पडलेल्या बुटांच्या दुकानाच्या वर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, खिडकीत टेबल ठेवलं आणि कामाला लागली. पहिले दोन हिवाळे तिने गाड्या मोजण्यात, नकाशे करण्यात, फायर ब्रिगेडपासून बस कंपनीपर्यंत सगळ्यांची मनधरणी करण्यात घालवले. तिचा व्हिसा या नोकरीला बांधलेला, आणि नोकरी शहराच्या बजेटला. दर जूनमध्ये बजेट मंजूर होईपर्यंत तिला धड झोप लागायची नाही. तरी सकाळी खिडकी उघडली की ती समोरच्या ओसाड फूटपाथकडे बघायची आणि तिला तिथे चक्क माणसं दिसायला लागायची. बाबागाडी ढकलणारी बाई, बाकावर बसलेला म्हातारा, दुकानाबाहेर मांडलेली फुलं. हर्षिताला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “तू एकटी राहतेस ना, म्हणून होतंय तुला तसं.”

मग एप्रिलमध्ये तिची आई आली. कमलाबाई नागपूरच्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्या होत्या. ट्रॉयला चौदा एप्रिलचा कार्यक्रम आटोपून दोघी ब्रॅडवेलला पोचल्या, तेव्हा शनिवारची दुपार होती. ऊन स्वच्छ पडलेलं. कमलाबाईंनी गाडीतून उतरून रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं.

“काय वं प्रणिता, संचारबंदी आहे का इथं?”

“नाही गं आई.”

“मग माणसं कुठं गेली सारी? एवढ्या मोठमोठ्या बिल्डिंगा बांधून ठेवल्या आणि राहून कोणी नाही राहिलं!”

“तेच तर माझं काम आहे. माणसं आणायची.”

“कुठून आणशील?” कमलाबाईंनी इतक्या गंभीरपणे विचारलं, की प्रणिताला हसू फुटलं आणि मग ते आवरेना.

त्या संध्याकाळी दोघी दीक्षाभूमीच्या आठवणी काढत बसल्या. दसऱ्याला त्या भागातल्या रस्त्यांवरून गाड्या हटायच्या आणि माणसंच माणसं व्हायची. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पुस्तकांचे ढीग, रस्त्याकडेला शिजणाऱ्या मोठाल्या पातेल्यांतला भात. कमलाबाई औषधोपचाराच्या मांडवात ड्यूटी करायच्या आणि छोटी प्रणिता मांडवाच्या दोरीला धरून तासन्‌तास ते बघत बसायची. रस्ता गाड्यांचा नसतो, माणसांचा असतो, हे ती तिथे शिकली. पुढे इंजिनियरिंगच्या पुस्तकांतून ते वाक्य तिला कुठे सापडलं नाही.

सोमवारी प्रणिता ऑफिसला गेल्यावर कमलाबाईंनी कपडे वाळवायला दोरी शोधली. घरात नव्हती. तेव्हा त्या खाली उतरल्या आणि उघडं दिसलं त्या एकमेव मोठ्या दुकानात शिरल्या. ते बौमा हार्डवेअर. मालक डेल बौमा, सत्तरीचा, जाड भिंगांचा, वडिलांच्या मागे दुकान चालवणारा. कॅनल स्ट्रीटवर जुन्यांपैकी तेवढा एकच टिकून होता.

“रोप,” कमलाबाई म्हणाल्या आणि दोन्ही हात फाकवून लांबी दाखवली.

डेलने दोरी दिली. कमलाबाईंचं लक्ष मात्र काउंटरखालून दिसणाऱ्या त्याच्या पायांकडे गेलं. मोज्यांचे काठ मांसात रुतले होते. आयुष्यभराची सवय गप्प बसू देईना. “युवर लेग्ज,” त्या म्हणाल्या. “स्वेलिंग. सॉल्ट लेस. डॉक्टर गो. टुडे गो.”

डेल खो-खो हसला. गेलाच नाही म्हणून दोन दिवसांनी कमलाबाई पुन्हा गेल्या, पुन्हा रागावल्या, तेव्हा कुठे तो डॉक्टरकडे गेला. पुढे रोज सकाळी त्यांची तिथे फेरी सुरू झाली. त्यांचं इंग्रजी दवाखान्यातलं, त्याला मराठीचा गंध नाही, तरी अर्धा-अर्धा तास गप्पा व्हायच्या.

म्हणून मे महिन्यात सिटी हॉलमध्ये जाहीर सभा झाली, तेव्हा विरोध करायला सगळ्यांत पुढे डेलच उठलेला बघून कमलाबाईंना धक्काच बसला.

सभागृह खच्चून भरलं होतं. उपनगरातून कामावर येणाऱ्यांनी आधीच आरडाओरडा करून घेतला होता. आम्हाला घरी पोचायला उशीर होईल, अपघात होतील, ही कोण बाहेरून आलेली बाई आमचा रस्ता बदलणार. प्रणिताने पडद्यावर आलेख दाखवले, इतर शहरांतले दाखले दिले, आणि आपण बोलतोय ते भिंतीला आपटून परत येतंय हे तिला कळत होतं. मग डेल माईकपाशी आला.

“मी लहान होतो तेव्हा एक साहेब आला,” तो शांतपणे म्हणाला. “म्हणाला, मार्केट स्ट्रीटवर गाड्या बंद करा, फरशी घाला, लोक चालायला येतील. फरशी घातली. लोक चालले नाहीत, दुकानं मात्र चालती झाली. मग दुसऱ्याने फरशी उखडून पार्किंगची इमारत बांधली. तिसऱ्याने प्रदर्शनाचा हॉल बांधला. प्रत्येक ठिकाणी संगमरवरात नावं कोरलेली आहेत, वाचायला कुणी नाही. आता तुम्ही आलात, मिस रामटेके. तुम्ही भल्या आहात. तुमच्या आईने माझे पाय वाचवले. पण हे फसलं की तुम्ही दुसऱ्या शहरात जाल. मी इथेच असेन.”

टाळ्या पडल्या. ग्लोरियाने प्रणिताकडे पाहिलं. ती दुसऱ्या शहरात जाईल, हे त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तिचं इथे राहणं तिच्या एकटीच्या हातात नव्हतं. तिने पडदा बंद करायला सांगितलं आणि माईक हातात घेतला.

“मिस्टर बौमा, फरशी घातली तेव्हा ती आवडली नाही तर उखडता येईल का, असं कुणी तुम्हाला विचारलं होतं?”

“नाही.”

“मी विचारतेय. दगड नको, संगमरवर नको. नुसता रंग आणि रस्त्यावर ठेवायचे प्लास्टिकचे नारिंगी ड्रम. उन्हाळाभर रस्ता दुहेरी करून बघू. नाही जमलं तर ड्रम उचलायला मी स्वतः येईन. मी तुमच्यापासून चार दारं सोडून राहते. तुम्ही हाक मारलीत तरी मला ऐकू येईल.”

सभागृहात कुणीतरी हसलं. डेल जागेवर जाऊन बसला. सिटी कौन्सिलने एका मताच्या फरकाने उन्हाळ्यापुरती परवानगी दिली.

बाहेर पडल्यावर कमलाबाई म्हणाल्या, “त्याचं काही खोटं नव्हतं वं.”

“माहीत आहे मला.” आणि मग प्रणिताने भर रस्त्यात आईला मिठी मारली. “पण आई, मिळाला! रस्ता मिळाला!”

जूनमधला एक रविवार ठरला. आदल्या आठवड्यात रंगाच्या ट्रकने जुने बाण खरवडून मधोमध पिवळ्या रेघा ओढल्या, दोन्ही टोकांना नारिंगी ड्रम ठेवले. उलट बाजूचे नवे सिग्नल टांगले, पण त्यांना काळ्या पिशव्या घातल्या. रविवारी सकाळी प्रत्येक कोपऱ्यावर पोलीस उभा राहिला. प्रणिता नारिंगी जॅकेट घालून नदीकडच्या टोकाला, ग्लोरिया दुसऱ्या टोकाला वॉकीटॉकी घेऊन. एकेका चौकात शिडी लावून पिशव्या निघायला लागल्या. लाल दिवे उजळले. प्रणिताने वॉकीटॉकी कानाशी धरला.

“उत्तर टोक तयार,” ग्लोरियाचा आवाज आला. “प्रणिता, ऐकतेयस ना? सोडू का?”

“सोडा!”

उत्तरेकडून पहिली गाडी कुणाची येणार, यावर ऑफिसात पैजा लागल्या होत्या. मेयरबाई आपली गाडी घेऊन तयारही होत्या. पण त्यांच्या आधी मधल्या गल्लीतून पिझ्झावाल्याची एक चेमटलेली गाडी निघाली, हिरवा दिवा बघून सरळ दक्षिणेकडे वळली आणि कॅनल स्ट्रीटवरून रमतगमत खाली यायला लागली. आपण इतिहास घडवतोय याची त्या पोराला गंधवार्ता नव्हती. फूटपाथवर जमलेल्यांनी एकच गलका केला, टाळ्या वाजवल्या. तो इतका गांगरला, की प्रणिताजवळ येऊन थांबला आणि काच खाली करून म्हणाला, “माझं काही चुकलं का?”

“नाही!” प्रणिता ओरडली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “काहीही चुकलेलं नाही! जा, जा पुढे!”

तो दिवस असा सोन्यासारखा गेला. सोमवारी सकाळी मात्र व्हायचं ते झालं. रोज याच रस्त्याने जाणारा एक माणूस सवयीने डावीकडच्या पदरात शिरला, पाट्या, रेघा, काही न बघता. समोरून भाजीचा ट्रक आला. ट्रकवाल्याने धडक वाचवायला गाडी उजवीकडे ओढली, ती फूटपाथवर चढली आणि बौमा हार्डवेअरची दर्शनी काच फोडून थांबली.

प्रणिता आवाजानेच जिना उतरत धावली. कमलाबाई तिच्या मागे, पातळ खोचून. सुदैवाने फूटपाथवर कुणी नव्हतं. ट्रकवाल्याच्या कपाळातून रक्त येत होतं. कमलाबाईंनी त्याला पायरीवर बसवलं, जखमेवर स्वच्छ टॉवेल दाबून धरला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत “लुक हियर, टॉक टू मी” असं दटावत राहिल्या. चुकलेला मोटारवाला रस्त्याकडेला उभा राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “मी वीस वर्षं इथून जातोय.”

डेल दुकानाच्या दारात उभा होता. त्याच्या वडिलांनी बसवलेली काच चुरा होऊन पडली होती, पुढची मांडणी कलली होती. त्याने प्रणिताकडे पाहिलं, आणि तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“ड्रम कधी उचलताय?” त्याने विचारलं.

“आज तुम्ही म्हणाल तर आज,” ती म्हणाली. “पण आधी तुमचं सामान.”

अग्निशमन दलाच्या माणसाने पुढचा भाग तपासणी होईपर्यंत रिकामा करायला सांगितलं होतं. प्रणिताने बाह्या सरसावल्या आणि पहिलं खोकं उचललं. मग बसस्टॉपवरची दोन माणसं आली, समोरच्या बँकेच्या रिकाम्या इमारतीचा रखवालदार आला, ग्लोरिया स्वतः आली. कुदळी, बादल्या, पक्ष्यांची लाकडी घरटी, कंदील, रंगाचे डबे, बी-बियाण्यांच्या पुड्या, सगळं फूटपाथवर मांडून ठेवलं. टीव्हीची गाडी येऊन उभी राहिली. उद्याची बातमी काय असणार, हे प्रणिताला पाठ होतं.

तेवढ्यात दक्षिणेकडे चाललेली एक गाडी थांबली. आतल्या बाईने मान बाहेर काढली. “तो कंदील विकायचा आहे का?”

डेल गोंधळला. “हो. म्हणजे... सगळंच विकायचं आहे. दुकान आहे हे.”

“दुकान? इथे?” ती उतरलीच. “मी रोज जाते इथून. मला वाटलं इथे सगळं बंद आहे!”

तिच्यामागे आणखी एक गाडी कडेला लागली. मग समोरून येणारी एक. गाड्या आता सावकाश चालत होत्या, अपघातामुळे आणखीच सावकाश, आणि फूटपाथवर मांडलेलं लाल-पिवळं सामान लांबूनच दिसत होतं. कुणी कुंड्या बघायला लागलं, कुणी विचारलं, किल्ल्या करून मिळतात का, खिडकीची जाळी बदलून देता का. डेल हिशोबाचं मशीन आणायला आत धावला. त्याचे पाय बरे झाले होते हे एक नशीब! कमलाबाईंनी परस्परच एका गृहस्थाला दोन बादल्या विकल्या. “गुड बकेट. स्ट्रॉंग,” एवढ्या भांडवलावर.

प्रणिता हातात पक्ष्याचं घरटं धरून नुसती उभी राहिली. हीच माणसं. खिडकीतून इतके दिवस तिला दिसायची ती.

“ग्लोरिया,” ती कुजबुजली, “बघताय ना?”

“बघतेय,” ग्लोरिया म्हणाली. “पण आधी पिवळ्या रेघेवर ड्रम ठेव. दर वेळी नुसत्या काचेवर भागणार नाही.”

ते खरंच होतं. वीस वर्षांची सवय रंगाच्या रेघेने मोडत नाही, हे प्रणिताला आधी सुचायला हवं होतं. दुपारी उन्हात ती रंगाच्या टोळीबरोबर उभी राहिली आणि सगळ्या रस्त्याच्या मधोमध ड्रमची ओळ लावून घेतली. त्यानंतर चुकीच्या पदरात कुणी शिरलं नाही.

टीव्हीवर मात्र फुटलेली काचच झळकली. विरोधकांनी तातडीची बैठक मागितली, आणि कौन्सिलमधला एक सभासद डळमळीत झाल्याचं कानावर आलं. बैठकीच्या दिवशी प्रणिताने सकाळपासून काही खाल्लं नाही. एका मताचा तर प्रश्न होता. प्रयोग रद्द झाला, तर पुढच्या बजेटात तिची जागा राहणार नव्हती.

डेल पुन्हा पहिला उठला.

“काच माझी फुटली,” तो म्हणाला. “तेव्हा तक्रार करायचा पहिला हक्क माझा आहे. मला अजून ही योजना पटलेली नाही. हे फसू शकतं. पण त्या दिवशी एका बाईने मला विचारलं, तुम्ही इथे नवीन आलात का?” सभागृहात हशा पिकला. डेल हसला नाही. “माझ्या वडिलांनी ते दुकान काढलं. मी तिथेच लहानाचा मोठा झालो. आणि ती मला विचारते, नवीन आलात का. इतकी वर्षं मला वाटायचं, लोकांना आता आम्ही नको आहोत. त्यांना आम्ही दिसतच नव्हतो हो! ड्रम राहू द्या. निदान ख्रिसमसपर्यंत राहू द्या.”

प्रणिताने शेजारी बसलेल्या आईचा हात इतका घट्ट दाबला, की कमलाबाई कळवळल्या. मतदान झालं. डळमळलेला सभासद जागेवर आला, आणि आधी विरोधात असलेली एक बाईही इकडे आली. निकाल वाचून व्हायच्या आत प्रणिता उठून उभी राहिली होती. कुणीतरी मागून “मॅडम, खाली बसा” म्हणालं, तेव्हा तिला ते कळलं.

ऑक्टोबरात कमलाबाई नागपूरला परतल्या. दसऱ्याच्या आत घरी पोचायचंच, हे त्यांनी येतानाच बजावून ठेवलं होतं. निघताना त्या बौमा हार्डवेअरमध्ये गेल्या आणि डेलला शेवटचं दटावून आल्या. त्याने नवी काच बसवली होती, पूर्वीपेक्षा मोठी, आणि रोज सकाळी थोडं सामान बाहेर फूटपाथवर मांडायची सवयच लावून घेतली होती.

ख्रिसमसनंतर रस्ता कायमचा दुहेरी झाला. सगळं काही एका फटक्यात फुललं असं नाही. मार्चमध्ये मोठ्या थाटात उघडलेलं एक कॅफे सहा महिन्यांत बंद पडलं. बँकेची जुनी इमारत अजून रिकामीच आहे. घरी जायला उशीर होतो म्हणून रागावलेले लोक अजून ऑफिसला ईमेल पाठवतात, आणि प्रणिता प्रत्येकाला उत्तर देते. पण बुटांच्या दुकानात एका तरुण जोडप्याने बेकरी काढली, तिचा वास पहाटे जिन्यावरून वर येतो. जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या वरच्या मजल्यांवर घरं बांधायचं काम सुरू झालं. आणि शहराने प्रणिताच्या ग्रीन कार्डचा अर्ज भरला. त्याला किती वर्षं लागतील देव जाणे, पण भरला.

नदीकाठच्या सप्टेंबरमधल्या जत्रेला तिने हर्षिताला सहकुटुंब बोलावलं. संध्याकाळी फोन वाजला.

“यार प्रणिता, आम्ही मघापासून नुसते फिरतोय. पार्किंगच नाही कुठे! आणि पुढे ही एवढी मोठी लाइन. काय झालंय काय तुमच्याकडे?”

प्रणिता खिडकीत धावली. खाली कॅनल स्ट्रीटवर दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या होत्या, ब्रेकचे लाल दिवे नदीपर्यंत लागलेले. फूटपाथवरून लोक गाड्यांपेक्षा वेगाने चालत होते. कुणीतरी हॉर्न वाजवला. उभ्या जन्मात तिला हॉर्न इतका गोड वाटला नव्हता.

“ट्रॅफिक आहे!” ती आनंदाने ओरडली. “हर्षिता, आमच्याकडे ट्रॅफिक आहे! तिथेच थांब, मी खाली येते.”

तिने चपला पायांत सरकवल्या आणि दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत ती खाली पळाली.